चर्चा: गंभीर आजारांच्या सेवेचा निधी नव्या प्रयोगांना द्यावा की गोळ्या, नर्स आणि गाडीला? (सांगली जिल्हा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
पॅलिएटिव्ह सेवेला (बरा न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेला) पैसे देणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘यात नवीन काय?’ माझ्या मते हा प्रश्न रास्त आहे आणि निधीचा मोठा वाटा प्रयोगांनाच जावा. मिरजेत मेडिकल कॉलेज आहे, कॅन्सर हॉस्पिटल आहे. हाल होतात ते ‘आता घरी न्या’ म्हटल्यानंतर, जत-आटपाडीच्या वस्त्यांवर. उपकेंद्रातल्या सीएचओच्या (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या) टॅबवर वेदनेची नोंद, मिरजेतल्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल आणि पडून जखमा होऊ नयेत म्हणूनची हवेची गादी, ऑक्सिजन देणारं कॉन्सन्ट्रेटर यंत्र यांची तालुका साहित्य बँक, एवढ्यावर सुरुवात करावी. केरळचं धोरण 2008 चं, पण गावोगावच्या स्वयंसेवकांचा प्रयोग त्याच्या कितीतरी आधीचा.

गोळीचा हिशेब
विरोध. कोळिकोडला 1993 मध्ये आधी वेदनेचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला, जाळं नंतर पसरलं. इथे व्हिडिओ कॉलवर डॉक्टर ‘मॉर्फीन सुरू करा’ म्हणाले, तर तीव्र वेदनेवरची ही अफूपासूनची गोळी आणायची कुठून? गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती नसते. 2014 च्या एनडीपीएस (अमली पदार्थ कायदा) दुरुस्तीमुळे आता रुग्णालयाला पाच ठिकाणचे परवाने गोळा करावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते, त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो. जतला असं एक केंद्र उभं करणं हे पहिलं काम, भले ते अर्जात नवं दिसो वा न दिसो.

साठ्याचा हिशेब सांगतो. 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, झोपताना दुप्पट म्हणजे रात्री 2 चा डोस टळतो. दिवसाला 6 झाल्या. मध्येच उठणाऱ्या कळेसाठी 2 जादा. एका पेशंटला महिन्याला 240, वीस जणांना 4,800. वर्षाच्या मागणीचा अंदाज दहा जणांचा दिला आणि वीस आले, तर सहा महिन्यांत कपाट रिकामं. मॉर्फीन एकदम तुटलं की दुखणं परत येतंच, वर घाम, जुलाब, तळमळ. आणि पहिल्या दिवसापासून बिसाकोडिलसारखं रेचक सोबत हवंच. ते लिहायचं राहिलं की चार-पाच दिवसांत पोट गच्च होतं आणि घरचे घाबरून मॉर्फीनच बंद करतात.

माणदेशी परिचारिका
टॅब नको. सीएचओ आधीच एनसीडी (मधुमेह, रक्तदाब अशा असंसर्गजन्य आजारांचं) पोर्टल भरत बसलेली असते, तिच्यावर आणखी एक नोंद लादली की ती महिनाअखेरीला एकदम भरली जाते. साहित्य बँकेला मात्र माझा पाठिंबा, फक्त ती नीट समजून करा. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो. वस्तीवर वीज गेली की गादी बसते आणि पेशंट थेट फळीवर येतो. म्हणून गादी दिली तरी दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना शिकवावंच लागतं. कॉन्सन्ट्रेटरचंही तेच, भरलेला सिलिंडर जोडीला नसेल तर देऊच नये. गादी परत येते तेव्हा नळी फाटलेली असते. सुटे भाग, निर्जंतुकीकरण आणि ने-आण यांचे पैसे अंदाजपत्रकात धरले नाहीत तर वर्षभरात बँकेची अडगळ होते.

आणखी एक. कुजलेल्या जखमेच्या वासामुळे माणसं खोलीत यायची थांबतात. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून ड्रेसिंगवर टाकली तर वास बराच कमी होतो. पण हे जागेवर करून दाखवणारी नर्स लागते, आणि नर्सला गाडी. वस्त्या लांबलांब असल्या की दिवसाला चार घरं, फार तर पाच.

सीएसआर-वही
मग आकडे मांडू. नर्स 25,000, चालकासह गाडी 40,000, अर्धवेळ डॉक्टर 40,000, औषधं-ड्रेसिंग 20,000 धरा. महिन्याला सव्वा लाख, वर्षाला 15 लाख. ‘प्रशासकीय खर्च 5 टक्केच, म्हणून पगार देता येत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) कारभारावर आहे. नर्सचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. खरी अडचण पुढेच आहे. सीएसआरमध्ये चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यानंतर गोळीवर असलेल्या पेशंटचं काय? दुसऱ्याच वर्षी ती नर्स एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) पीआयपीत, म्हणजे वार्षिक आराखड्यात, किंवा जिल्हा परिषदेच्या सेस फंडात (स्वतःच्या उत्पन्नातल्या निधीत) बसवायचा पाठपुरावा सुरू करावा. हे लेखी नसेल तर निधी देऊच नये, प्रकल्प नवा असो की जुना.

कृष्णाकाठ
मॉर्फीन आधी, हे मान्य. टॅबही सोडला. पण ‘प्रयोग नको’ हे अजून पटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात तरणी माणसं फडावर जातात आणि पेशंटजवळ म्हातारी उरते. तिला डोस कसा समजावायचा, याचं तयार उत्तर कोणाकडे आहे?

माणदेशी परिचारिका
भिंतीवरच्या कालनिर्णयावर. जादा गोळी दिली की त्या तारखेच्या चौकटीत एक रेघ. एका दिवसात तीन रेघा झाल्या की शेजाऱ्याकडून फोन करवायचा, डॉक्टर डोस वाढवतील. याला प्रयोग म्हणत असाल तर जरूर पैसे द्या.

गोळीचा हिशेब
चालेल, पण रेघांबरोबर दर फेरीला पट्टीतल्या उरलेल्या गोळ्याही मोजा. आणि जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरची बोली कन्नड आहे. नर्सच्या जाहिरातीत ‘कन्नड येणे आवश्यक’ हे आधी घाला.