पणजोबांच्या लग्नाची याद वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सेलूच्या जुन्या वाड्यात पेटीत पणजोबांच्या लग्नाची याद (देण्याघेण्याचा लेखी कागद) सापडली, सगळी मोडी लिपीत, वर फसली (निजामाकडचा महसुली सन) 1322 लिहिलंय म्हणजे 590 मिळवले की 1912-13 येतंय, निजामाचं राज्य. आजी म्हणायची वऱ्हाड परभणीपर्यंत रेल्वेनं अन् पुढं बैलगाड्यांनी गेलं, चार दिवस पंगती उठल्या (नवरी म्हणे मांडवातच झोपली, लहानच होती बिचारी). आता अडलंय ते असं की हुंड्यापुढं नुसतं "रु. 175" आहे, हे हाली (निजामाचा रुपया) का कलदार (इंग्रजांचा रुपया)? 100 कलदाराला साधारण 116 हाली पडायचे, म्हणून फरक पडतो. अन् मानपानाच्या ओळी तर लागतच नाहीत. मोडी वाचणारं कुणी संभाजीनगर, परभणीकडं आहे का? फोटो टाकतो.