‘मशीन हेड’मधून वगळलेलं गाणं: ब्लॅकमोअरचं चुकलंच!

उलटी_तबकडी:
हार्ड रॉकच्या गप्पा ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्यापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात, म्हणून हा धागा. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला, त्याच आगीवर ते गाणं आहे. मग डीप पर्पल या ब्रिटिश बँडने तिथल्याच ग्रँड हॉटेलात, रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओगाडी बाहेर उभी करून ‘मशीन हेड’ हा अल्बम रेकॉर्ड केला. त्याच वेळी ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ही झालं होतं. पण गिटारवादक रिची ब्लॅकमोअरला ते पसंत नव्हतं, त्यामुळे अल्बमवर आलं नाही. १९७२ मध्ये ‘नेव्हर बिफोर’ या सिंगलच्या मागच्या बाजूला त्याची बोळवण झाली.

ऐकून बघा. गायक गिलन एरवी जिथे किंकाळी फोडेल, तिथे आवाज खाली ठेवतो. लॉर्डचा ऑर्गन अगदी मागे, आणि स्वतः ब्लॅकमोअरने एवढं हळवं गिटार फार कमी वेळा वाजवलं असेल. अल्बममधून ‘नेव्हर बिफोर’ काढून हे घ्यायला हवं होतं. गाणी विस्मरणात जातात ती वाईट असतात म्हणून नाही, बँडमधल्या कुणा एकाच्या हट्टामुळे.

खडीसाखर:
साफ असहमत. ‘मशीन हेड’ म्हणजे सात गाणी, जेमतेम सदतीस मिनिटं, कुठेही दम खायला थांबत नाही. त्यात हे संथ प्रकरण कुठे बसवणार? ‘लेझी’च्या आधी? नंतर? दोन्हीकडे विचका. संथ पर्पल हवं असेल तर १९७० चं ‘चाइल्ड इन टाइम’ आहेच, आणि ते कितीतरी सरस आहे. काय वगळायचं हे कळणं हीसुद्धा कलाच असते हो.

उलटी_तबकडी:
मग नंतर स्टेजवरही का नाही? ब्लॅकमोअर असेपर्यंत मैफलीत हे गाणं जवळपास नव्हतंच. १९९३ मध्ये तो बाहेर पडला आणि लगेच ते कार्यक्रमात आलं. एप्रिल १९९५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात पर्पल वाजले तेव्हाही होतं, त्या मैफलीचं चित्रीकरण उपलब्ध आहे.

खडीसाखर:
तिथे गिटारवर स्टीव्ह मोर्स होता! मोर्सच्या हातात गाणं फुललं, त्याचं श्रेय १९७१ च्या रेकॉर्डिंगला कशाला?

चौथी_काठी:
पर्पलवाल्यांनो, जरा लेड झेपलिनकडेही वळा. माझं मत ‘फॉर युअर लाइफ’ला. १९७६ चा ‘प्रेझेन्स’. अपघातात जबर जखमी झालेला त्यांचा गायक प्लांट चाकाच्या खुर्चीतून गात होता आणि म्युनिकमध्ये सगळा अल्बम तीनेक आठवड्यांत उरकला. त्या गाण्याचा रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) सारखा अडखळतो, थांबतो, परत उचल खातो, आणि ड्रमवरचा बॉनहॅम त्या थांबण्यातसुद्धा ताल सोडत नाही. बँड असेपर्यंत एकदाही मैफलीत वाजलं नाही. पहिल्यांदा वाजलं ते थेट डिसेंबर २००७ मध्ये, उरलेले पुन्हा एकत्र आले तेव्हा, लंडनला. इथे तर कुणाचा हट्टही नव्हता, म्हणजे धागाकर्त्याचा सिद्धांत तितकासा टिकत नाही.

(अवांतर: झेपलिनचा गिटारवादक पेज आणि प्लांटने १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ रेकॉर्ड केली होती. अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. तबल्यासोबतचं ‘फ्रेंड्स’ चुकवू नका.)

खडीसाखर:
‘प्रेझेन्स’? की-बोर्ड नाही, अकूस्टिक गिटार नावापुरतं. ‘अकिलीस लास्ट स्टँड’ची दहा मिनिटं सोडली तर मला तो अल्बम कोरडाठाक वाटतो.

चौथी_काठी:
कोरडा आहे म्हणूनच आवडतो. अंगावर येतो.

कार्डिफकर:
तुमचं सगळं भांडण श्रीमंतांच्या घरातलं आहे राव. पर्पल-झेपलिनची मागची बाजूसुद्धा आज लाखो लोक ऐकतात, ती कसली दुर्लक्षित? कार्डिफचा बजी हा बँड इथे किती जणांनी ऐकलाय? तिघांचा बँड, बर्क शेलीचा तो तार स्वर, आणि १९७३ चं ‘ब्रेडफॅन’. पुढे १९८८ मध्ये मेटॅलिकाने ते वाजवलं आणि निम्म्या जगाला ते मेटॅलिकाचंच वाटतं. टोनी बोर्जचा सुरुवातीचा रिफ ऐका. धावत सुटलेलं ते गाणं मध्येच एकदम मऊ होतं आणि पुन्हा उसळतं.

उलटी_तबकडी:
बजी मान्य. पण हे गाणं धरून ‘मशीन हेड’वर एकेचाळीस मिनिटं आरामात मावली असती, हे खडीसाखर अजून सोयीस्करपणे टाळतायत.

खडीसाखर:
मावली असती हो. ऐकवली नसती.