मदत हवी आहे: प्रवासात न्यायला छोटा वाय-फाय राऊटर कुठला घेऊ?

तेजा_फोंडा
सोमवारी निघायचंय, लवकर सांगा. लॉजच्या वाय-फायवर माझा विश्वास नाही, स्वतःचा राऊटर न्यायचा आहे. जीएल-आयनेट कंपनीचा मँगो स्वस्त आहे, बेरिल एएक्स बराच महाग. मँगोवर भागेल का? नेमकं उत्तर हवंय.

सांगेकर
जाणार कुठे? काम काय? लॉजवर लॅनची वायर आहे की नुसतं वाय-फाय? एवढं कळल्याशिवाय नेमकं कोण सांगणार?

तेजा_फोंडा
गोव्यातच, पाळोळ्याला. नुसतं वाय-फाय. खोलीमागे दोनच उपकरणं चालतात, आणि रोज ते लॉगिनचं पान उघडून ओटीपी टाकायचा. माझ्याकडे लॅपटॉप, टॅब आणि दोन फोन. क्लायंटच्या जीएसटीचे हिशेब असतात.

वायरमन
मँगो नको. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतो. मोसमात पाळोळ्याला खोलीला खोली लागून, सगळ्यांची गर्दी त्याच पट्ट्यात. बेरिल एएक्स घ्या, वाय-फाय ६ आहे, आणि वायरगार्डला (हा व्हीपीएनचा एक प्रकार, म्हणजे सगळं ट्रॅफिक कुलूपबंद करून नेणारी सोय) कंपनी ३०० एमबीपीएसपर्यंत वेग सांगते. रिपीटर मोडवर टाकलात, म्हणजे लॉजचं वाय-फाय घेऊन राऊटरने ते तुमच्या उपकरणांना दिलं, की लॉजला फक्त राऊटर दिसतो, दोन उपकरणांची अडचण संपली. मात्र लॉगिन करताना राऊटरवरचं व्हीपीएन बंद ठेवा, नाहीतर ते पान उघडतच नाही.

म्हापसेकर
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलचा हॉटस्पॉट लावा. जीएसटीची साइट, बँक, सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंदच असतं.

वायरमन
आतला मजकूर झाकला जातो, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते लॉजवाल्याला सहसा कळतं. आणि अँड्रॉइड फोनवर व्हीपीएन लावलं तरी हॉटस्पॉटवर जोडलेला लॅपटॉप बहुतेक वेळा त्याच्या बाहेरच राहतो.

म्हापसेकर
अहो, हॉटस्पॉट लावला तर लॉजवाला मधे येतोच कुठे?

काणकोणची_सून
हॉटस्पॉट म्हणताय, पण खोलीत रेंज आली तर ना! इथे दोन घरं सोडली की काडी जाते. आणि पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ताई, आधी इन्व्हर्टर असलेलं लॉज बघा. गाडीने येणार असाल तर वाटेतला करमल घाट उजेडातच उतरा.

वायरमन
लाईटचं म्हणाल तर बेरिल यूएसबी-सीवर चालतो, ५ व्होल्ट ३ अँपिअर. चांगली पॉवर बँक असली की झालं.

डिचोलीकर
व्हीपीएन कंपनीला पैसे देऊ नका. घरच्या राऊटरवर वायरगार्ड सर्व्हर चालवा. २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपण्याचा नियम काढला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. मग तुमचं इंटरनेटचं ट्रॅफिक सिंगापूरला वळसा घालून येणार.

वायरमन
घरच्या जोडणीला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) आहे का ते आधी विचारा. राऊटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला तर तो सीजीनॅट, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून घरी जोडताच येणार नाही.

डिचोलीकर
आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यावर, जोडता येतं. मी तसंच वापरतो.

सांगेकर
तेजाताई, लॅपटॉप तुमचा की ऑफिसचा?

तेजा_फोंडा
ऑफिसचा. ऑफिसचं व्हीपीएन त्यात आहेच, ते चालू केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही.

सांगेकर
मग क्लायंटचे आकडे आधीच सुरक्षित आहेत! तुमची खरी अडचण दोन उपकरणांची आणि शेजारच्या खोल्यांपासून आपली उपकरणं आडोशाला ठेवण्याची. त्याला राऊटरवर दुसरं व्हीपीएन लागत नाही. त्याच कंपनीचा ओपल घ्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे आहेत आणि बेरिलपेक्षा स्वस्त.

वायरमन
ओपलवर वायरगार्ड बराच हळू चालतो.

सांगेकर
पण त्यांना ते लागतंय कुठे?

तेजा_फोंडा
ओपलच मागवते. सोमवारच्या आत येईल असं दाखवतंय.

सांगेकर
आला की घरच्याच वाय-फायवर रिपीटर मोडमध्ये एकदा जोडून बघा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तगडा ठेवा आणि फर्मवेअर (राऊटरमधलं सॉफ्टवेअर) घरीच अपडेट करा. लॉजच्या नेटवर ते करत बसू नका. ऑफिसच्या आयटीवाल्यांनाही विचारून ठेवा, काही जण असे राऊटर चालू देत नाहीत.