‘विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल टाकायला सांगा’ म्हणणाऱ्यांसाठी

लालहिरवा (धागाकर्ता)

सीआयच्या (कोड बदलला की प्रोग्रॅम आपोआप बांधून, म्हणजे बिल्ड करून, तपासणाऱ्या सेवेच्या) वाढत्या बिलाबद्दलच्या कालच्या धाग्यावर एकचसर्व्हर यांनी लिहिलं : "तीन-तीन ओएसवर बिल्ड चालवणं हे श्रीमंतांचे चोचले. सगळं उबुंटूच्या कंटेनरमध्ये टाका, विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल टाकायला सांगा." (उबुंटू म्हणजे एक लिनक्स, कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेला डबा, डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय.) त्यावर +१चा पाऊस पडला. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, आमचं सॉफ्टवेअर वापरतो तालुक्याच्या गावातला हिशेबनीस. त्याच्या टेबलावर विंडोज आहे आणि उद्याही तेच असणार. त्याला डब्ल्यूएसएल समजावायला गेलो तर तो मला चहा पाजेल आणि दुसऱ्या कुणाचं तरी सॉफ्टवेअर घेईल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पायथनच्या रिपोर्ट मॉड्यूलचा विंडोज बिल्ड लाल, म्हणजे नापास, झाला. लिनक्स हिरवा, मॅक हिरवा. सगळी टीम एका सुरात : रनर (बिल्ड चालवणारं मशीन) फ्लेकी, म्हणजे लहरी आहे, रीरन मार. तीनदा मारला, तीनदा लाल, तिन्ही वेळा त्याच ओळीवर. शेवटी लॉग वाचला (हो, लॉग वाचायचा असतो). युनिकोड डीकोड एरर, ‘चारमॅप’. कुणीतरी फाइल उघडताना एन्कोडिंग (कोणत्या बाइटांचं कोणतं अक्षर, तो तक्ता) दिलं नव्हतं. लिनक्स-मॅकवर ते यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचा तक्ता) धरलं जातं, आपल्याकडच्या विंडोजवर पायथन सीपी १२५२ (पश्चिम युरोपी अक्षरांचा जुना तक्ता) धरतो.

पण तीच ओळ सहा महिने विंडोजवर बिनतक्रार चालत होती! टेस्टच्या फाइलीत गावं होती सातारा, सांगली, सोलापूर. त्या दिवशी कुणीतरी कोल्हापूर घातलं. हलन्ताचा (पाय मोडायच्या चिन्हाचा) यूटीएफ-८मधला शेवटचा बाइट ८डी. सीपी १२५२मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. ‘ल्हा’तला हलन्त आला आणि डीकोडर आडवा झाला. ऱ्हस्व उकाराच्या शेवटी ८१ येतो, म्हणजे पुणं आणि मुंबईही गेली असती. सातारा मात्र ‘वाचला’ जात होता, युरोपी अक्षरांचा कचरा होऊन. टेस्ट फक्त ओळी मोजायची, तिला काय कळणार? ग्राहकाने दोनदा कळवलं होतं. आम्ही त्याला फॉन्ट टाकायला सांगितलं.

तुमच्या कंटेनरमध्ये हे कधी दिसलं असतं?

एकचसर्व्हर

माझं अर्धं वाक्य उचलून धागा काढल्याबद्दल आभार. मी सर्व्हरवर चालणाऱ्या सेवांबद्दल बोलत होतो. माझा कोड लिनक्सवर जन्मतो, लिनक्सवरच मरतो. त्याचा मॅक बिल्ड कुणासाठी काढू?

आणि पैशाचं बोला. आम्ही वापरायचो त्या होस्टेड सेवेवर कित्येक वर्षं हिशेब असा होता : लिनक्सचं एक मिनिट म्हणजे एक, विंडोजचं दोन, मॅकचं दहा. बारा मिनिटांचा मॅक जॉब म्हणजे १२० मिनिटं खात्यातून गेली. आमच्याकडे दिवसाला चाळीस पुल रिक्वेस्ट (कोडबदल मर्ज करायच्या, म्हणजे मूळ कोडात घ्यायच्या विनंत्या). गुणाकार करा आणि मग मला गुणवत्ता शिकवा.

वर ते रनर जागच्या जागी बदलतात. २०२४ मध्ये ‘लेटेस्ट’ नावाचा मॅक रनर इंटेलवरून ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर) गेला. एकही कमिट (कोडबदल) नसताना सकाळी बिल्ड लाल. होमब्रूचा (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाचा) पत्ताच बदललेला : युझर-लोकल फोल्डरमधून ऑप्टमध्ये. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत कोणत्या हिशेबनिसाचं भलं झालं?

मर्जमावशी

‘लेटेस्ट’ लिहिलंत हा तुमचा दोष, ॲपलचा नाही. आवृत्ती पिन करायची, म्हणजे नेमका क्रमांक लिहायचा, आणि बदलायची तेव्हा आपल्या सवडीने, शुक्रवार सोडून.

बाकी दोघंही ओएसवर भांडताय, पण मी पाहिलेले निम्मे लाल बिल्ड शेल स्क्रिप्टमुळे (कमांड लिहिलेल्या फाइलींमुळे) होते. सेड म्हणजे मजकूर बदलणारी कमांड. जीएनयूच्या (लिनक्सवरच्या) सेडला ‘आय’ (त्याच फाइलीत बदल कर) पर्याय नुसता दिला तरी चालतो, मॅकच्या सेडला त्यानंतर बॅकअपचं शेपूट लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण तरी. नाही दिलं की तो तुमची कमांडच शेपूट समजून गिळतो. बॅशचंही (या स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलचंही) तेच. जीपीएल ३ (नव्या बॅशचा परवाना) नको म्हणून मॅकवर अजून बॅश ३.२ येतो, २००६ चा! असोसिएटिव्ह ॲरे (नावावरून किंमत शोधायच्या याद्या) आले ४.० मध्ये, २००९ साली. आमच्या एका हुशार मुलाने रिलीज स्क्रिप्टमध्ये ते वापरले आणि ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणून जेवायला गेला. त्याच्याकडे उबुंटू होतं.

रिकामा_कॅशे

एकचसर्व्हर, ‘सगळं कंटेनरमध्ये’ या मंत्राने माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे.

नवीन मुलगी रुजू झाली, लॅपटॉप विंडोजचा. रेपो (कोडचा साठा) क्लोन केला, म्हणजे उतरवून घेतला, इमेज (कंटेनरचा साचा) बिल्ड केली, बिल्ड हिरवा. कंटेनर सुरू केला की ‘अशी फाइल नाही’. आत शिरून पाहावं तर फाइल समोर बसलेली! परवानगी बरोबर, पत्ता बरोबर. रात्री एक वाजता हेक्स डंप काढला (फाइलीतले कच्चे बाइट पाहिले) तेव्हा पहिल्या ओळीच्या, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीच्या, शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजचं ओळ संपवतानाचं जादा अदृश्य अक्षर) दिसला. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) चेकआउट करताना ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीने बदलले होते. त्यामुळे लिनक्स शोधत होता ‘बॅश’ नव्हे, तर ‘बॅश आणि एक अदृश्य अक्षर’ नावाचा प्रोग्रॅम.

गिटॲट्रिब्यूट्समध्ये (गिटला फाइलींचे नियम सांगणाऱ्या फाइलीत) एक ओळ आणि एकदा रीनॉर्मलाइझ (ओळींचे शेवट पुन्हा एकसारखे करणं), एवढाच उपाय. पण विंडोजवर इमेज बनवणारा एकही जॉब नव्हता, म्हणून त्या मुलीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुणाला पत्ता नाही. ती बिचारी स्वतःचंच चुकलं समजत होती.

एकचसर्व्हर

म्हणजे दोष विंडोजचा. मी तेच म्हणतोय. :)

रिकामा_कॅशे

दोष गिटॲट्रिब्यूट्स न लिहिणाऱ्याचा. म्हणजे माझा. स्मायली टाकून मुद्दा जिंकता येत नाही.

जुना_मॅकमिनी

मॅकवाले इतके साळसूद नाहीत. आमच्या कोपऱ्यात एक म्हातारा मॅक मिनी बिल्ड मशीन म्हणून होता, डिस्क एचएफएस प्लस (फाइली साठवायची ॲपलची जुनी पद्धत). रेपोत प्रत्येक गावाची एक जेसन फाइल, नावं देवनागरीत. (मी नाही ठेवली. मी विरोध केला होता.) सगळी गावं मिळायची, फक्त ‘कऱ्हाड’ सापडायचं नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं सारखी, तुलना केली की असमान.

कारण एचएफएस प्लस फाइलचं नाव फोडून साठवतो. ‘ऱ’ आत गेला एक अक्षर म्हणून, बाहेर आला ‘र’ अधिक नुक्ता (खालचं टिंब) होऊन. आमच्या कोडमध्ये एक अक्षर, डिस्कच्या यादीत दोन. २०१७ नंतरच्या एपीएफएसमध्ये (ॲपलच्या नव्या पद्धतीत) नाव दिलं तसं राहतं.

कृष्णाकाठ

तांत्रिक बाबींत पडत नाही, पण गावाचं नाव कराड आहे. माझा जन्म तिथला. स्टेशनवर उतरून बघा. हे ‘कऱ्हाड’ पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी लादलेलं आहे.

जुना_मॅकमिनी

काका, डेटा आम्हाला तसाच आला होता.

शुद्धलेखन_पोलीस

लादलेलं कसं? कऱ्हाडे ब्राह्मण, कऱ्हाडचे रहिवासी, सगळीकडे ऱ आहे. उलट ‘कराड’च रोमन लिपीतून परत आलेलं वाटतं.

कृष्णाकाठ

आडनाव कराड असणारी हजारो माणसं आहेत, ती काय रोमन लिपीतून आली? आम्ही गावात राहून चूक आणि तुम्ही कीबोर्डवर बसून बरोबर!

वऱ्हाडी_ठेचा

काहून भांडता भाऊ? आमच्या वऱ्हाडाले तं तीन तऱ्हेनं लिहिता येते.

आता प्रमाण मराठीत, नाहीतर कुणीतरी पुन्हा शुद्धलेखन काढेल. एक, सरळ ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, ‘र’, नुक्ता, हलन्त. तीन, ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (एक अदृश्य जोडचिन्ह), हे काही कीबोर्ड देतात. डोळ्याला तिन्ही एकच. पहिली दोन एनएफसी (सारख्या अक्षरांची रूपं एक करायची युनिकोडची रीत) केल्यावर एक होतात. तिसरं होत नाही, ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. आमच्या शोधखिडकीत ‘वऱ्हाड’ टाकलं की निम्म्याच नोंदी यायच्या. मॅक नको, विंडोज नको, एकट्या लिनक्सवर हा घोळ घालता येतो.

एकचसर्व्हर

मूळ विषय सीआयचा होता, याची आठवण करून देतो. ९० टक्के प्रतिसाद आता जोडाक्षरांवर आहेत. इथल्या लोकांना बिल कोण भरतं हे माहीतच नाही, असं दिसतंय.

लालहिरवा

९० टक्के कुठून आणले? आणि बिल आम्हीही भरतो. तुमच्यासारखं प्रत्येक कमिटला सगळं चालवत नाही, एवढाच फरक. पुल रिक्वेस्टवर लिनक्स आणि विंडोज, मॅक फक्त मर्ज झाल्यावर. डोकं वापरलं की मिनिटं वाचतात.

एकचसर्व्हर

डोकं काढलंत, छान. सहा महिने साताऱ्याचा कचरा ग्राहकाला देऊन वर फॉन्ट टाकायला सांगणाऱ्या टीमकडून हे ऐकायचं?

मर्जमावशी

दोघंही पाणी प्या. एकचसर्व्हर, ते लागलं हे मान्य, पण त्यांनी ते स्वतःहून सांगितलं. तुमच्या घटना आम्हाला कुठे माहीत आहेत?

तुमच्या टीमला मॅकचे लॅपटॉप आहेत ना? मग हेही बघा. मॅकची डिस्क मूळ सेटिंगमध्ये मोठं-लहान रोमन अक्षर एकच मानते, लिनक्स मानत नाही. फाइलचं नाव मोठ्या अक्षराने, इम्पोर्टमध्ये (ती फाइल मागवणाऱ्या ओळीत) लहान : मॅकवर चालतं, सीआयवर फुटतं. लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) नेटफिल्टर या भागातल्या काही फाइलींच्या नावांत फक्त एवढाच फरक आहे, त्या मॅकवर क्लोन केल्या की एकमेकींवर बसतात. उदाहरण इथे लिहून दाखवता येत नाही. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, सुदैवाने. आपल्याला ऱ पुरे.

एकचसर्व्हर

हे आमच्याकडे झालंय, दोनदा. तेव्हा लिनक्स जॉबनेच पकडलं, म्हणजे लिनक्स पुरेसा आहे.

मर्जमावशी

म्हणजे दुसऱ्या ओएसवर चालवल्यामुळेच पकडलं.

एकचसर्व्हर

...

ठीक. आमचं कमांड लाइन टूल विंडोजवरही जातं, हे मी काल लिहिलं नव्हतं. त्याच्यासाठी एक विंडोज जॉब लावतो. रोज रात्री एकदा. मॅक नाही म्हणजे नाही.

लालहिरवा

स्वागत आहे. त्याआधी पायथन-यूटीएफ-८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पायथनला सगळीकडे यूटीएफ-८ धरायला लावणारं सेटिंग) १ करून झाकू नका, प्रत्येक फाइल उघडताना एन्कोडिंग लिहा. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट व्हायचं ठरलंय, पण ग्राहकाकडे कोणता पायथन असेल हे तुम्ही ठरवत नाही. आणि टेस्टमध्ये नुसत्या ओळी मोजू नका.

एकचसर्व्हर

विचारलं नव्हतं. पण लिहून घेतलं.

जुना_मॅकमिनी

मी आत्ता गंमत म्हणून एकेका नावाच्या दोन वेगळ्या फाइली करून विंडोजवर एन्कोडिंग न देता वाचून पाहिल्या. ‘कराड’ : वाचलं गेलं, कचरा होऊन, पण एरर नाही. ‘कऱ्हाड’ : फुटलं.

शुद्धलेखन_पोलीस

ऱ मुळे?

जुना_मॅकमिनी

नाही, ऱ चा बाइट ठीक आहे. त्याच्याखालच्या हलन्तामुळे, कोल्हापूरसारखंच.

कृष्णाकाठ

कारण काही असो. विंडोजलासुद्धा कराडच चालतं.