न्यायाधीश जातात, पण तेवढं पुरत नाही

तुरुंगांवर देखरेख कोणी करावी, या चर्चेत एकांनी विचारलंय की जिल्हा न्यायाधीश तुरुंगाला भेट देतातच, मग त्यासाठी बाहेरची माणसं कशाला हवीत? मला हे अजिबात पटत नाही.

जून 2017 मधलं भायखळ्याचं महिला कारागृह आठवा. 2 अंडी आणि 5 पाव हिशेबात कमी पडले, त्यावरून झालेल्या मारहाणीत एका कैदी बाईचा जीव गेल्याचा आरोप झाला. तुरुंगातल्या 6 कर्मचाऱ्यांना अटक झाली. बाहेर बोभाटा कधी झाला? दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका गच्चीवर चढल्या तेव्हा. भर मुंबईत ही गत, तर आडबाजूच्या उपकारागृहात काय होत असेल!

अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे तुरुंगाला भेट देऊन पाहणी करणाऱ्या बिगरसरकारी नागरिकांची तरतूद आपल्याकडे जुनीच आहे. 2015 मध्ये कोठडीतल्या छळाबद्दलच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या नेमणुकीबद्दल राज्यांना सांगितलं. पण नेमणूक सरकारच्या हाती, आणि भेट आधी कळवून झाली की झाडलोट होते, त्या दिवशीची डाळ घट्ट असते. साहेब शेजारी उभे असताना कोण तोंड उघडणार?

इंग्लंडमध्ये प्रत्येक तुरुंगाला बिनपगारी नागरिकांचं देखरेख मंडळ असतं. ते न कळवता कुठल्याही बराकीत जातात, कैद्याशी एकट्याने बोलतात, दरवर्षी अहवाल छापतात. मला हवंय ते हेच. आपण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. आणि आतले बहुसंख्य तर कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही.