डबघाईला आलेल्या नाटक कंपनीवरची कॉमेडी: 'मून ओव्हर बफेलो' की 'नॉइजेस ऑफ'?

नाटकवेडी:
मंडळी, आमच्या ऑफिसच्या हौशी ग्रुपला यंदा पडत्या काळातल्या नटनट्यांवरची कॉमेडी करायचीय, मराठीत रूपांतर करून. दोन वाचून झालीत. केन लडविगचं 'मून ओव्हर बफेलो', त्यात १९५३ साल आहे, जॉर्ज आणि शार्लट हे नवराबायको कंपनी घेऊन बफेलोत कसेबसे प्रयोग लावतायत, प्रेक्षक टीव्हीने पळवलाय, जॉर्जमुळे कंपनीतल्याच एका पोरीला दिवस गेलेत, बायको वकिलाबरोबर निघून जायच्या बेतात, आणि नेमकी तेव्हाच खबर येते की हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा दुपारचा प्रयोग बघायला येतोय. हसले भरपूर पण जॉर्जची दयाही आली. दुसरं मायकल फ्रेनचं 'नॉइजेस ऑफ', एक टुकार फार्स घेऊन दौऱ्यावर निघालेल्या कंपनीचं. त्याचा पहिला अंकच संपता संपेना, तीच दारं, त्याच सार्डिन माशांच्या प्लेट्स, तेच संवाद. लोक एवढं डोक्यावर का घेतात याला? आणि सेटला पैसे कमी आहेत, तर कुठलं करावं?

तिसरी_घंटा:
वाचून नाही कळणार ते. पहिल्या अंकात रंगीत तालीम चाललीय, उद्या शुभारंभ आणि कोणाचं काही पाठ नाही, तेव्हा कोण कुठल्या दारातून हातात काय घेऊन येतं हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसवून घेतलंय. दुसऱ्या अंकात महिना उलटलाय, गाव बदललंय आणि अख्खा सेट उलटा, आपण मागून बघतोय. पुढे प्रयोग चालू असल्यामुळे मागे कोणाला तोंडातून आवाज काढता येत नाही, आणि तोवर सगळ्यांची एकमेकांशी फाटलेली, मग मारामारी सगळी मुक्याने, हातात कुऱ्हाड, कोणीतरी कोणाच्या तरी बुटांच्या नाड्या बांधून ठेवतंय आणि एन्ट्री आली की तोच माणूस हसत दारातून बाहेर! तिसऱ्या अंकात परत पुढून, दौऱ्याचा शेवट, सगळा बट्ट्याबोळ. फ्रेनला हे सुचलं १९७० मध्ये, स्वतःचाच एक फार्स विंगेत उभं राहून बघताना, पुढून जेवढा विनोदी त्याहून मागून जास्त विनोदी वाटला त्याला. १९७७ ला छोटी एकांकिका केली, पूर्ण नाटक आलं १९८२ ला लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये.

लाइटवाला_बंड्या:
वरचं सगळं खरं पण ताई, नका करू 😀 दोन मजली सेट, वरखाली दारं, जिना, आणि ते सगळं मध्यंतरात उलटं फिरवायचं. हौशी लोकांचे सेटच्या भिंतींचे कापडी फ्लॅट असतात, एक दार आपटलं की अख्खी भिंत डुलते, आणि या नाटकात तर माणसं सारखी दारंच आपटतायत. शिवाय दुसऱ्या अंकात पुढचे संवाद आणि मागची मूकहालचाल एकाच वेळी चालते, एक जण दोन सेकंद उशिरा आला तर पुढच्या चार जणांचं गणित चुकतं. ऑफिस सुटल्यावर होणाऱ्या तालमीत हे बसत नाही. बफेलोत मुख्य सेट रंगपटाचाच, पात्रं आठ, चार बाया चार पुरुष. काम सोपं.

कोथरूडची_मावशी:
दया फक्त जॉर्जची का गं? 'नॉइजेस ऑफ'मधल्या डॉटी या नटीने त्या टुकार नाटकात स्वतःचे पैसे घातलेत. आणि चोराचं काम करणारा तो म्हातारा नट सेल्सडन, बाटली दिसली की गायब होतो, तो वेळेवर येईल याची खात्री नाही म्हणून त्याचे कपडे चढवून दुसरा कोणीतरी तयारच. शेवटी स्टेजवर एकाच्या जागी तीन चोर! अशा माणसाला कंपनीतून काढत का नाहीत हे कुठलाही दौरा केलेल्याला विचारा, बस भरून पुढच्या गावी जायचंय, नाइट बुडवायची नाही, मग आहे त्याच्यावर भागवायचं.

पण रूपांतराला माझं मत बफेलोलाच. गंमत अशी की कंपनीची दोन नाटकं आलटूनपालटून चालू असतात, आणि दारू ढोसलेला जॉर्ज एकाच्या वेषात दुसऱ्यात घुसतो. तिथे 'प्रायव्हेट लाइव्हज' आणि 'सिरानो' आहेत, आपल्याकडे कोणाला चटकन कळणार नाहीत. तुम्ही 'मानापमान' आणि 'एकच प्याला' घ्या. सिंधू जात्यावर दळतेय आणि धैर्यधर तलवार घेऊन हजर. आणि पिऊन आलेला सुधाकर म्हणजे पहिली पाच मिनिटं प्रेक्षकांना कळणारच नाही की नट खरंच प्यालेला आहे.

नाटकवेडी:
मावशी 😂😂 हे आत्ताच ग्रुपवर टाकते. काप्राच्या जागी कोण?

कोथरूडची_मावशी:
खऱ्या माणसाचं नाव नको, 'मुंबईहून सिनेमावाले येतायत' एवढंच ठेव. शार्लट चुकून होणाऱ्या जावयालाच काप्रा समजते तो भाग मात्र कापू नकोस.

तिसरी_घंटा:
आणि रूपांतराचे हक्क आधी मागा, तालमी सुरू झाल्यावर नाही. लडविगची नाटकं एजन्सीमार्फत मिळतात, उत्तर यायला वेळ लागतो.

लाइटवाला_बंड्या:
लाइटला कोणी नसेल तर सांगा.