होस्टिंगच्या उरलेल्या जागेत घरचे फोटो: कृपया हे करू नका

परवा इथे एकाने होस्टिंगबद्दल, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेबद्दल, लिहिलं, "प्लॅनमध्ये ५० जीबी मिळतात, साइट जेमतेम एक जीबीची. उरलेल्या जागेत फोटो, कागदपत्रं टाका, गूगलला पैसे कशाला?" आणि लोकांनी वा वा केलं.

सर्व्हरवाला: राहवलं नाही म्हणून लिहितोय. बारा वर्षं लोकांच्या साइट सांभाळतोय. अटी वाचा, बहुतेक शेअर्ड होस्टिंगवाले (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारे) स्पष्ट लिहितात की जागा साइटच्या फायलींसाठी आहे, पर्सनल बॅकअपसाठी नाही. वर आयनोडची मर्यादा, म्हणजे एकूण फायली किती यावर बंधन, जीबी शिल्लक असले तरी अकाउंट अडकतं. माझ्या एका क्लायंटने पब्लिक एचटीएमएलमध्येच, म्हणजे साइटच्या सगळ्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, 'घर' नावाचं फोल्डर टाकलं, डिरेक्टरी लिस्टिंग चालू, म्हणजे आतल्या फायलींची यादी कुणालाही दिसणार, बायकोचं पॅनकार्ड गूगल सर्चमध्ये आलं. फोनवर रडत होती ती.

पैसे_मी_भरतो: उगाच घाबरवू नका हो. पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवायचं, आरक्लोन नावाच्या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही असं करून. माझं तीन वर्षं व्यवस्थित चाललंय. आणि अटींचं म्हणाल तर रिन्यूअलला पहिल्या वर्षाच्या तिप्पट बिल लावतात तेव्हा कुठे जातात या अटी?

सर्व्हरवाला: रिन्यूअलचा राग मलाही आहे. पण तेच बिल भरायचं राहिलं की काही दिवसांत अकाउंट पुसतात, फोटोंसकट. आणि मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटासेंटर जळालं, ज्यांची दुसरीकडे कॉपी नव्हती त्यांचं गेलं ते गेलंच.

जुना_अल्बम: म्हणून सांगते, प्रिंट काढा. माझ्या आजीचे फोटो सत्तर वर्षं टिकलेत, ना पासवर्ड ना बिल.

वाशिष्ठीकाठ: ताई, रागावू नका, पण हे आम्हाला नका सांगू. २२ जुलै २०२१, चिपळूण. कपाट पूर्ण पाण्याखाली. अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेले तर आईचा चेहराच प्लॅस्टिकबरोबर निघून आला. हार्ड डिस्क त्याच कपाटात होती, तीही गेली. पुण्याला मावसबहिणीकडे पेन ड्राइव्हवर चाळीसेक फोटो होते, आज आमच्याकडे तेवढेच.

जुना_अल्बम: आमच्याकडे कधी पाणी शिरलं नाही म्हणून बोलले. तरी प्रिंट काढूच नये असं नाही ना?

वाशिष्ठीकाठ: काढा की. पण एक संच दुसऱ्या गावी ठेवा.

पैसे_मी_भरतो: मग माझं तेच तर आहे! होस्टिंग म्हणजे दुसरं गावच की.

सर्व्हरवाला: बरं, एन्क्रिप्शनचा पासवर्ड कुठे आहे?

पैसे_मी_भरतो: लॅपटॉपवर, आरक्लोनच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फायलीत.

सर्व्हरवाला: आणि लॅपटॉप चोरीला गेला तर? त्या ५० जीबीचं काय करणार तुम्ही? पासवर्डशिवाय एक फोटो उघडणार नाही.

पैसे_मी_भरतो: ...हे डोक्यात आलं नव्हतं. आज कागदावर लिहून भावाकडे नाशिकला देतो, आणि एक डिस्क पण त्याच्याकडेच ठेवतो. जागा मात्र सोडणार नाही, पैसे भरलेत मी.